सोलापूरच्या गच्चीवरून हवेतले कण मोजायचे कसे

जानेवारीत सकाळी साडेसातला गच्चीवर गेलं की क्षितिजालगत एक मळकट पट्टा दिसतो. चुलींचा, कचऱ्याच्या ढिगांचा, पाचट पेटवलेल्या फडांचा धूर रात्रीच्या थंड हवेखाली दबून बसलेला असतो. दहा वाजेपर्यंत तो वर चढून विरतो. एप्रिल-मे उजाडला की आख्खं आभाळ दुधाळ होतं. सूर्य माथ्यावर असूनही सावलीची कड जरा मऊ वाटते. दोन्ही वेळी आपण "आज धुरकट आहे" म्हणतो आणि कामाला लागतो. पण पहिल्या दिवशीचे बरेचसे कण मायक्रोमीटरच्या काही दशांशाएवढे असतात, तर दुसऱ्या दिवशीची काळ्या रानांवरची आणि रस्त्यांवरची धूळ त्याच्या दहापट किंवा अधिक मोठी. डोळ्याला हा फरक नीट सांगता येत नाही. सूर्याचा प्रकाश वेगवेगळ्या रंगांत मोजला की तो कागदावर आकड्यात उतरतो. हे मोजमाप गच्चीवर, थोड्या खर्चात करता येतं. गेले सहा हिवाळे मी कॉलेजच्या मुलांना सोबत घेऊन ते करतो आहे. नव्याने सुरू करणाऱ्यांनी कुठून धरावं आणि कुठे पाय घसरतो, ते इथे लिहितो आहे.

सोलापुरासाठी या कामाला जवळचं कारण आहे. आपण पर्जन्यछायेत राहतो. ढगातला प्रत्येक थेंब कुठल्या ना कुठल्या कणाभोवती धरतो, त्यामुळे हवेत कण किती आणि कसे आहेत याचा पावसाशी थेट संबंध लागतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ढग आणि एरोसोल (हवेत तरंगणारे कण) यांवरच्या 'कैपिक्स' प्रयोगाचा चौथा टप्पा २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापुरातूनच राबवला. त्यांच्याकडे विमानं होती, रडार होतं. आपल्याकडे गच्ची आहे आणि वर्षातले कितीतरी निरभ्र दिवस आहेत.

आधी कल्पना पक्की करा

सूर्याकडून आलेला किरण वातावरणातून खाली येताना वाटेत झिजतो. काही प्रकाश हवेचे रेणू विखुरतात, थोडा ओझोन शोषून घेतो आणि उरलेल्या घटीचा मोठा वाटा तरंगत्या कणांचा असतो. कणांमुळे होणाऱ्या या घटीला प्रकाशीय जाडी म्हणतात. आम्ही बोलताना सरळ एओडी (एरोसोल ऑप्टिकल डेप्थ) म्हणतो. हा नुसता आकडा असतो, त्याला एकक नाही. सूर्य डोक्यावर असताना एओडी ०.१ असेल तर कणांनी सरळ किरणातला साधारण १० टक्के प्रकाश काढून घेतला. ०.५ असेल तर ३९ टक्के. ०.१ ला आभाळ गर्द निळं दिसतं, ०.५ ला पांढरट.

सूर्य तिरपा असताना किरणाला हवेतून जास्त लांब यावं लागतं. माथ्यावरच्या वाटेच्या किती पट, त्याला वायुभार गुणक म्हणू आणि 'एम' लिहू. तो काढायला महागडं काही लागत नाही. एक मीटरची सरळ काठी ओळंब्यात उभी करा आणि तिची सावली मोजा. सावलीच्या लांबीचा वर्ग अधिक एक, त्याचं वर्गमूळ, हा झाला एम. सावली ११९ सेंटिमीटर असेल तर १.१९ चा वर्ग १.४२, त्यात एक मिळवून २.४२, वर्गमूळ १.५६. म्हणजे सूर्य क्षितिजापासून ४० अंशांवर आहे आणि प्रकाश दीडपटीहून थोडी जास्त हवा कापून आला आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, तेव्हा दुपारी एम बरोबर १ असतो. मुलांना एम म्हणजे काय हे समजावण्यासाठी त्याहून चांगला दिवस नाही.

आणखी एक स्थानिक गोष्ट. सूर्य डोक्यावर येण्याची सोलापूरची वेळ घड्याळातले १२ नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि आपण ७५.९ वर आहोत, म्हणून आपला मध्यान्ह सरासरी १२ वाजून २६ मिनिटांनी होतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१० च्या आसपास, फेब्रुवारीत १२:४० च्या आसपास. "दुपारचं रीडिंग बाराला घेतलं" असं वहीत लिहून पुढे तेच मध्यान्ह धरून हिशेब करणारे मी पाहिले आहेत. तसं करू नका. वेळ मिनिटासकट लिहा.

यंत्र

हातात धरायचा पहिला साधा सन फोटोमीटर, म्हणजे उन्हाचा जोर मोजायचं यंत्र, फोल्झ यांनी १९५० च्या दशकात केला. १९९० च्या दशकात फॉरेस्ट मिम्स या अमेरिकी हौशी संशोधकाने दाखवून दिलं की या यंत्रात साधा एलईडी उलट्या कामालाही चालतो. वीज दिली की तो प्रकाश देतो, तसा प्रकाश पडला की थोडी वीज देतो. तीही सगळ्या रंगांना नाही, एका अरुंद पट्ट्यालाच. म्हणजे महाग फिल्टर आणि महाग डिटेक्टर या दोघांचं काम दोन-तीन रुपयांचा एलईडी करतो. आपण हीच वाट धरू.

नवी पेठेतल्या कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सामान मिळतं: पारदर्शक काचेसारख्या आवरणाचे ५ मिलिमीटरचे हिरवे आणि लाल एलईडी, सीए ३१४० ऑप-अँप (बारीक वीजप्रवाह वाढवून दाखवणारी चिप), मेगाओहमच्या घरातले रेझिस्टर, ९ व्होल्टची बॅटरी आणि दोन व्होल्टच्या रेंजवर मिलिव्होल्ट दाखवणारा चांगला मल्टिमीटर. एलईडीची कॅथोड बाजू ऑप-अँपच्या ऋण इनपुटला, अॅनोड ग्राउंडला, आणि आउटपुटपासून ऋण इनपुटपर्यंत रेझिस्टर. धन इनपुटही ग्राउंडला. उन्हात आउटपुट एक ते दीड व्होल्टच्या आसपास येईल असा रेझिस्टर निवडा. एलईडीचा गोल माथा बारीक पॉलिश पेपरवर घासून सपाट करा. नाहीतर तो भिंगासारखं वागतो आणि यंत्र केसभर हललं तरी आकडा नाचतो.

एलईडी ज्या रंगाचा प्रकाश देतो त्यापेक्षा थोड्या कमी तरंगलांबीचा प्रकाश तो ओळखतो. हिरव्या-लाल एलईडीवर चालणाऱ्या शाळांच्या एका आंतरराष्ट्रीय कार्यक्रमातल्या यंत्रात हे दोन पट्टे ५०५ आणि ६२५ नॅनोमीटरवर धरतात. पुढच्या हिशेबात मीही तेच धरले आहेत.

एलईडीसमोर १५ सेंटिमीटरची आतून काळी केलेली नळी बसवा आणि तिच्या तोंडाला ५ मिलिमीटरचं भोक ठेवा. अशा नळीला सुमारे दोन अंश आभाळ दिसतं. सूर्य स्वतः अर्ध्या अंशाचा आहे. नळी आखूड केली तर सूर्याभोवतीचा विखुरलेला प्रकाशही आत येतो आणि हवा आहे त्यापेक्षा स्वच्छ दिसते. धुळीच्या दिवसांत ही चूक सर्वांत मोठी होते, कारण मोठे कण प्रकाश पुढच्या दिशेला, सूर्याच्या अगदी शेजारी फेकतात.

नेम धरण्यासाठी डब्याच्या वरच्या अंगाला दोन छोट्या पट्ट्या लावा. पुढच्या पट्टीला भोक पाडा आणि मागच्या पट्टीवर खूण करा. भोकातून आलेला उन्हाचा ठिपका खुणेवर बसला की नळी सूर्याकडे आहे. सूर्याकडे डोळ्याने पाहायचं नाही, नळीतून तर कधीच नाही. मुलांसोबत काम करताना हे मी रोज पुन्हा सांगतो.

डबा शक्यतो पांढरा असावा आणि दोन रीडिंगच्या मध्ये तो सावलीत ठेवावा. एलईडीचा प्रतिसाद तापमानानुसार बदलतो. एप्रिलमध्ये पारा ४२ च्या वर असताना काळा डबा दहा मिनिटं उन्हात राहिला तर आतलं तापमान कुठल्या कुठे जातं. मी थर्माकोलच्या खोक्यात ठेवतो, आत एक साधा थर्मामीटर असतो आणि प्रत्येक रीडिंगसोबत तापमान लिहितो.

व्ही-नॉट: सगळं इथे अडतं

आता खरा कठीण भाग. किती प्रकाश कमी झाला हे सांगायचं तर मुळात किती होता ते माहीत हवं. वातावरण मध्ये नसतंच तर आपल्या यंत्राने किती व्होल्ट दाखवले असते? या आकड्याला व्ही-नॉट म्हणतात. तो बाजारात मिळत नाही, प्रत्येक यंत्राचा वेगळा असतो आणि तो चुकला की पुढचं सगळं चुकतं. नव्याने येणारा माणूस यंत्र बांधण्यात महिना घालवतो आणि व्ही-नॉट एका सकाळीत उरकतो. खरं तर वेळ याच्या उलट द्यायला हवा.

व्ही-नॉट काढायची रीत सॅम्युअल लँग्ली यांच्या नावाने ओळखली जाते. निरभ्र सकाळी सूर्य वर चढत असताना एम पाचावरून दोनवर येईपर्यंत रीडिंग घेत राहायचं. जानेवारीत सोलापुरात ही वेळ साधारण आठ ते साडेनऊ अशी येते. सुरुवातीला एम झपाट्याने बदलतो, तेव्हा दर तीन-चार मिनिटांनी रीडिंग घ्या, पुढे दहा मिनिटांनी घेतलं तरी चालतं. एम सहाच्या वर असताना काठीच्या सावलीवर विसंबू नका. क्षितिजाजवळ किरण वाकतो आणि साधं सूत्र सुटतं. आलेख कागदावर आडव्या अक्षावर एम, उभ्या अक्षावर व्होल्टेजचा नैसर्गिक लॉगरिदम. बिंदू एका रेषेत येतात. ती रेषा मागे एम शून्यापर्यंत वाढवायची. उभ्या अक्षाला जिथे छेदते तो व्ही-नॉटचा लॉगरिदम. रेषेचा उतार म्हणजे त्या सकाळची एकूण प्रकाशीय जाडी. इतकं सोपं.

पण रेषा सरळ आली म्हणजे उत्तर बरोबर आलं असं होत नाही. मला हे कळायला पावसाळा यावा लागला. आमच्या पहिल्या यंत्राचा व्ही-नॉट आम्ही डिसेंबरमधल्या एका सकाळी शहरातल्याच गच्चीवरून काढला होता. बिंदू पट्टीने आखल्यासारखे एका रेषेत होते. पोरं खूश, मीही खूश. पुढे ऑगस्टमध्ये दोन दिवस पाऊस होऊन आभाळ स्वच्छ निळं झालं, दुपारी रीडिंग घेतलं आणि एओडी आला उणे ०.०२. हवेत कणच नाहीत इतकंच नव्हे, तर शून्याहूनही कमी! एका मुलीने वही माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, "सर, वातावरण प्रकाश तयार करतंय का?" तिचा प्रश्न अगदी नेमका होता.

कारण शोधायला दोन आठवडे गेले. त्या डिसेंबरच्या सकाळी सूर्य वर येत होता तसे शहरातले धूर वाढत होते, म्हणजे एम कमी होत असताना एओडी हळूहळू चढत होता. ही वाढ जर एमच्या व्यस्त प्रमाणात झाली, तर गणित असं सांगतं की रेषा तंतोतंत सरळच राहते, फक्त संपूर्ण खाली सरकते. आठ ते साडेनऊमध्ये एओडी केवळ ०.०३ ने वाढला तरी व्ही-नॉट १० टक्क्यांनी कमी निघतो. आणि व्ही-नॉट १० टक्के कमी असला की दुपारी प्रत्येक एओडी सुमारे ०.१ ने कमी येतो. आमचा उणे ०.०२ खरं तर ०.०८ होता. हिवाळाभर आम्ही शहराची हवा आहे त्यापेक्षा स्वच्छ लिहीत होतो.

म्हणून आता नियम असा ठेवला आहे. लँग्ली शहरातून करायची नाही. आम्ही तुळजापूरच्या वाटेला, बालाघाटच्या कडेवर, वस्तीपासून लांब जातो. सकाळ वाऱ्याची असावी, कारण वारा धूर साचू देत नाही. एका सकाळीवर विश्वास ठेवायचा नाही. कमीत कमी पाच-सहा सकाळी करायच्या, आलेल्या व्ही-नॉटपैकी फार वेगळे पडणारे बाजूला ठेवायचे आणि उरलेल्यांची सरासरी घ्यायची. सरासरीभोवतीचा फरक दोन टक्क्यांच्या आत आला की यंत्र कामाला घ्या. नासाच्या एरोनेट या सन फोटोमीटरांच्या जाळ्यातली मुख्य यंत्रं हवाईमधल्या मौना लोआ पर्वतावर ३.४ किलोमीटर उंचीवर नेऊन याच पद्धतीने तपासतात. इतक्या उंचीवर हवा स्वच्छ आणि सकाळ स्थिर असते, म्हणून. आपल्याला बालाघाट आहे, तर त्याचा उपयोग करू. एलईडी म्हातारे होतात, आवरण पिवळं पडतं, म्हणून दरवर्षी ही वारी पुन्हा करायची.

एका दिवसाचा हिशेब, हाताने

जानेवारीच्या मध्यावरची एक सकाळ धरा. काठीवरून एम १.५५६. आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत, पण आमच्या वहीतल्या पानांसारखेच आहेत.

हिरव्या वाहिनीचं, म्हणजे हिरव्या एलईडीचं, रीडिंग १.०५४ व्होल्ट. नळीचं तोंड बोटाने बंद केलं तेव्हा ०.००६. हे अंधाराचं रीडिंग वजा करायचं, उरले १.०४८. आता व्ही-नॉट. लँग्लीवरून पृथ्वी-सूर्याच्या सरासरी अंतरासाठी आपण १.९०० ठरवला आहे. जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या जवळ असते, अंतर सरासरीच्या ०.९८३५ पट. त्याचा वर्ग ०.९६७३. त्याने भागून त्या दिवसाचा व्ही-नॉट १.९६४. ही दुरुस्ती विसरली तर जानेवारीत आणि जुलैत मिळून जवळपास सात टक्क्यांचा फरक पडतो, आणि हवा ऋतूनुसार बदलली असं आपल्याला उगाच वाटतं.

१.९६४ भागिले १.०४८, त्याचा नैसर्गिक लॉगरिदम ०.६२८. त्याला १.५५६ ने भागलं, ०.४०४. ही एकूण जाडी झाली. यातून हवेच्या रेणूंचा वाटा काढायचा. समुद्रसपाटीला ५०५ नॅनोमीटरवर तो ०.१३८ असतो. सोलापूर साधारण ४६० मीटर उंचीवर आहे आणि हवेचा दाब त्यामानाने पाच टक्के कमी, म्हणून ०.१३१. ओझोनसाठी ०.०१. उरला एओडी ०.२६३.

लाल वाहिनी: रीडिंग १.६०८, अंधार वजा जाता १.६०२. व्ही-नॉट २.४१०, त्या दिवसासाठी २.४९१. लॉगरिदम ०.४४२, भागिले १.५५६ म्हणजे ०.२८४. रेणूंचे ०.०५५, ओझोनचे ०.०२५. ओझोन लाल-नारिंगी पट्ट्यात जास्त शोषतो, म्हणून इथे त्याचा वाटा मोठा. एओडी ०.२०४.

हिरव्यात ०.२६३ आणि लालमध्ये ०.२०४. लहान कण छोट्या तरंगलांबीचा प्रकाश जास्त विखुरतात, लांब तरंगलांबीचा कमी. मोठ्या कणांना रंगाचा भेद फारसा नसतो. हा फरक एका आकड्यात मांडण्याची रीत स्वीडनच्या ऑन्गस्ट्रॉम यांनी १९२९ मध्ये दिली. दोन्ही एओडींच्या गुणोत्तराचा लॉगरिदम, भागिले तरंगलांबींच्या गुणोत्तराचा लॉगरिदम. इथे ०.२५४ भागिले ०.२१३, म्हणजे १.१९. याला अल्फा म्हणतात. अल्फा सव्वाच्या आसपास किंवा वर असेल तर बहुतांश कण धुराचे, ज्वलनातून आलेले, बारीक. अर्ध्याच्या खाली असेल तर धूळ. मधला असेल तर मिसळण. पूर्णपणे रेणूंच्या आकाराचे कण असते तर अल्फा ४ च्या जवळ गेला असता. आपल्या सकाळी १.१९ म्हणजे धुराचा वरचष्मा, थोडी धूळही आहे.

पण लगेच "१.१९" असं पाटीवर लिहू नका. समजा लाल व्ही-नॉट दोनच टक्क्यांनी जास्त धरला गेला होता. मग त्या वेळी लाल एओडी ०.०१३ ने जास्त निघाला आहे, खरा ०.१९१ असेल. तेवढ्याने अल्फा १.१९ वरून १.५० होतो. एवढ्याशा चुकीने चोख धूर मिसळण होऊन बसतो. ५०५ आणि ६२५ या तरंगलांबी फार जवळ आहेत, हे त्याचं कारण. हिरव्या-लालवर शिकून झालं की तिसरी वाहिनी इन्फ्रारेडची जोडा, ८७० नॅनोमीटरच्या आसपास. ५०५ ते ८७० एवढा पल्ला मिळाला की तीच चूक अल्फात बरीच कमी होते, शिवाय तिथे रेणूंचा वाटा नगण्य असतो. फक्त ९४० च्या पट्ट्यात जाऊ नका, तिथे पाण्याची वाफ प्रकाश खाते. (वाफच मोजायची असेल तर तोच पट्टा हवा, पण तो वेगळा विषय.)

एओडी ०.१ च्या खाली असेल तर आम्ही अल्फा काढतच नाही. दोन बारीक, अनिश्चित आकड्यांच्या भागाकारातून काहीही बाहेर येऊ शकतं.

रोजचं निरीक्षण

यंत्र तयार झालं की शिस्त लागते. एका वेळी तीन रीडिंग सलग घ्या, प्रत्येक वेळी सर्वांत मोठा आकडा टिपा, कारण नेम थोडा चुकला की आकडा कमीच होतो, वाढत नाही. तिन्ही एकमेकांच्या एक-दोन टक्क्यांत हवेत. नसतील तर बहुधा पातळ ढग आहे.

पिसासारखे उंच ढग हे या कामाचे सर्वांत चिवट शत्रू. ते पांढऱ्या आभाळात दिसत नाहीत आणि एओडी वाढवून अल्फा शून्याकडे ओढतात, म्हणजे हुबेहूब धुळीचं सोंग घेतात. इमारतीच्या कडेआड सूर्य झाकून त्याच्या आसपासचं आभाळ पाहा. तिथे रेघा, पोत, ठिगळं दिसली तर ते रीडिंग ढगाचं. सगळीकडे सारखा पांढरा उजेड पसरलेला असेल तर धूळ असण्याची शक्यता जास्त. हा सूर्याभोवतीचा उजेड स्वतःच एक मोजमाप आहे. मोठ्या यंत्रांत सूर्यापासून वेगवेगळ्या कोनांवर आभाळ किती उजळ आहे ते मोजून कणांच्या आकाराचं पूर्ण वितरण काढतात. आपण निदान "आज वलय बोटभर, आज मूठभर" असं वहीत लिहू शकतो, आणि अल्फासोबत ठेवलं तर त्याला अर्थ येतो.

यंत्राशिवायचं एक जुनं मोजमापही रोज लिहा. गच्चीवरून दिसणाऱ्या तीन-चार ठळक खुणा निवडा: जवळची पाण्याची टाकी, होटगीच्या बाजूची एखादी चिमणी, आणखी लांबचा टॉवर. नकाशावरून अंतरं काढा. सर्वांत लांबची कुठली खूण जेमतेम दिसते ते नोंदवा. ३.९ ला त्या किलोमीटरने भागलं की जमिनीलगतच्या हवेची दर किलोमीटरची प्रकाशघट मिळते. दृश्यता १० किलोमीटर असेल तर ०.३९. हा जमिनीलगतचा आकडा आहे, एओडी हा डोक्यावरच्या संपूर्ण थराचा. जानेवारीच्या पहाटे दृश्यता वाईट आणि एओडी मध्यम असं बऱ्याचदा दिसतं, कारण सगळा धूर खालच्या दोन-तीनशे मीटरमध्ये कोंडलेला असतो. दुपारी दृश्यता सुधारते, एओडी तेवढाच राहतो. कण गेलेले नसतात, वर पसरलेले असतात.

याच कारणाने घराघरात आलेल्या, हवेतले कण मोजणाऱ्या पीएम सेन्सरचा आकडा एओडीशी थेट जुळत नाही. तो सेन्सरही प्रकाशावरच चालतो. आत लेझरच्या किरणातून हवा खेचतात आणि कणांनी बाजूला विखुरलेला प्रकाश मोजतात. पण तो गच्चीवरच्या एका बिंदूची हवा मोजतो. शिवाय दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात, जास्त प्रकाश विखुरतात आणि सेन्सर त्यांना जास्त वजनाचे समजतो. आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असताना त्याचा आकडा कंसात लिहा. बाकी वेळी तो उपयोगाचा आहे. दोन्ही शेजारी ठेवले की धूर खाली आहे की वर, हे उलगडतं.

कण काळे आहेत की पांढरे, म्हणजे प्रकाश खातात की नुसता विखुरतात, हे सूर्याकडे पाहणाऱ्या यंत्राला कळत नाही. किरणातला प्रकाश कमी झाला एवढंच त्याला दिसतं. त्यासाठी एथॅलोमीटर लागतो, जो फिल्टर कागदावर साचलेली काजळी ८८० नॅनोमीटरवर मोजतो, आणि विखुरलेला प्रकाश मोजणारा नेफेलोमीटर. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ही यंत्रं पाहायला मिळाली तर सोडू नका.

तुमचे आकडे पडताळायला दोन जागा आहेत. पुण्यात २००४ पासून एरोनेटचं केंद्र आहे, त्याचा डेटा सगळ्यांना खुला आहे. पहिल्या पातळीचा नको, ढग गाळलेला दीड पातळीचा किंवा दोन पातळीचा पाहा. पुणे अडीचशे किलोमीटर लांब, त्यामुळे रोजचा आकडा जुळणार नाही, पण महिन्याचा कल जुळायला हवा. दुसरी जागा म्हणजे उपग्रह. मोडिस यंत्राचा ५५० नॅनोमीटरचा एओडी तुमच्या गच्चीवरचाच मिळतो. आपला ५०५ चा आकडा अल्फा वापरून ५५० वर आणा आणि मग तुलना करा. उन्हाळ्यात उघड्या, उजळ जमिनीवर उपग्रहही चुकतो, म्हणून फरक दिसला की आधी आपल्यावर आणि मग त्याच्यावर संशय घ्यायचा.

वहीचे रकाने असे ठेवा: तारीख, मिनिटासकट वेळ, सावली, प्रत्येक वाहिनीची तीन रीडिंग, अंधाराचं रीडिंग, डब्यातलं तापमान, आभाळ, सूर्याभोवतीचं वलय, सर्वांत लांबची खूण, वारा, आणि एक मोकळा रकाना. त्या मोकळ्या रकान्यातच पुढे सगळ्यात जास्त सापडतं. "पूर्वेला पाचट जळतंय", "काल वळवाचा पाऊस", "कारखान्यांचा हंगाम सुरू". नुसत्या आकड्यांवरून मागच्या मार्चमधला एक उंच एओडी धुळीचा की धुराचा यावर आमच्यात वाद झाला होता. मोकळ्या रकान्यात कुणीतरी लिहून ठेवलं होतं, "गच्चीवर पाय उमटतायत." धूळच होती, आणि अल्फाही ०.४ होता.

सुरुवात करायला उत्तम काळ गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या संक्रांतीतल्या यात्रेच्या, आधीचा. नोव्हेंबरात यंत्र बांधा, डिसेंबरात पाच-सहा सकाळी बालाघाटावर जाऊन व्ही-नॉट काढा आणि संक्रांतीच्या आठवड्यात रोज सकाळ-दुपार रीडिंग घ्या. होम मैदानावर शोभेचं दारूकाम झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला गच्चीवर या. सूर्य २५ अंशांच्या आसपास आलेला असेल. आदल्या चार दिवसांच्या नऊच्या रीडिंगशेजारी ते ठेवा, हिरवं आणि लाल वेगवेगळं, आणि आदल्या रात्री वारा कुठल्या बाजूचा होता ते मोकळ्या रकान्यात लिहायला विसरू नका.